स्कीइंग, क्रॉस-कंट्री : उन्हाळी सराव व दुखापती

क्रॉस-कंट्री स्कीइंग हा नॉर्डिक स्कीइंगचा मुख्य प्रकार होय. यात स्कीपटू केवळ उताराचा फायदा घेऊन घसरत नाही, तर चढ, उतार व सपाटी अशा तिन्ही प्रकारच्या बर्फाच्छादित भूमीवरून हातापायांच्या बळावर लांबचे अंतर कापतो. बुटाचा चवडा तेवढा स्कीला जखडलेला असतो; टाच मोकळी राहते. दोन्ही हातांतील लांब काठ्या बर्फात रोवून शरीर पुढे रेटले जाते [⟶ स्कीइंग]. या खेळाच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा मोसम नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, म्हणजे जेमतेम चार महिने चालतो. एप्रिलमध्ये विश्रांती घेऊन स्कीपटू मेच्या आरंभी नव्या सराव-वर्षाला सुरुवात करतात आणि त्या वर्षातील निम्म्याहून अधिक श्रम बर्फाविना होतात. प्रस्तुत नोंदीत या उन्हाळी सरावाचे स्वरूप, त्यातून उद्‌भवणाऱ्या दुखापती व त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे. येथे उन्हाळा म्हणजे उत्तर युरोपातील मे ते ऑक्टोबर हा काळ समजावयाचा. ऑस्लोच्या परिसरात जुलैतील दुपारचे तापमान बहुधा २०° ते २५° से. असते, आपल्याकडील वैशाखातल्या उन्हाची कल्पना तेथे लागू पडत नाही.

फ्रान्समधील शामॉनी येथे १९२४ साली भरलेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत १८ व ५० किमी. अशा दोन शर्यती होत्या व दोन्ही नॉर्वेच्या टोर्लाइफ हाउग याने जिंकल्या. स्त्रियांसाठी १० किमी. ची शर्यत १९५२ मध्ये ऑस्लो येथे प्रथम ठेवण्यात आली. तीत फिनलंडची लिडिया विडेमन विजयी झाली. त्या काळातील अनेक विजेते मुळात जंगलतोड, शेती वा लोहारकाम करणारे होते. १९५६ ते १९६४ या काळात नऊ ऑलिंपिक पदके मिळविणारा स्वीडनचा सिक्स्टेन येर्नबेरी हा लोहार व लाकूडतोड्या होता. अशा लोकांना उन्हाळी सराव वेगळा करावा लागत नसे. कुऱ्हाड चालविणे, ओंडके ओढणे व रानातून मैलोगणती चालणे हाच त्यांचा सराव होता. व्यवसाय आणि व्यायाम यांची ही सांगड पुढे तुटली आणि उन्हाळ्यातील श्रम मोजूनमापून, वेळापत्रकाने करावे लागू लागले. सरावाचे आधुनिक शास्त्र या गरजेतून वाढले.

सरावाचे मान : क्रॉस-कंट्री स्कीइंग हा दमसासाचा खेळ आहे. हातपाय, पाठ, पोट अशा शरीरातील बहुतेक मोठ्या स्नायुगटांना एकाच वेळी ऑक्सिजन पुरवावा लागत असल्याने हृदय व रक्ताभिसरण यांवर पडणारा भार इतर क्वचितच एखाद्या खेळात पडत असेल. अव्वल पुरुष स्कीपटूंची कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमता शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे दर मिनिटास ८० मिलि. हून अधिक आढळते. ही क्षमता वाढविण्यास व टिकविण्यास वर्षानुवर्षांचे श्रम लागतात. आठ सुवर्णपदकांसह एकूण पंधरा ऑलिंपिक पदके मिळविणारी नॉर्वेची मारित ब्यॉर्गेन हिच्या सराव-नोंदवह्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विसाव्या वर्षी तिचा वार्षिक सराव ५२२ तासांचा होता, तर पस्तिसाव्या वर्षी तो ९४० तासांवर गेला. म्हणजे आठवड्याला सरासरी अठरा तास; उन्हाळ्यातील काही आठवड्यांत त्याहूनही बरेच अधिक.

हे सर्व तास धापा टाकीत काढलेले नसतात. अशा सरावाचा सु. नऊदशांश भाग सौम्य तीव्रतेचा असतो. हृदयस्पंदनांचा वेग कमाल वेगाच्या सु. ६० ते ८० टक्के राहतो व शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते. उरलेल्या अल्प भागात तीव्र प्रयत्नांचे टप्पे असतात, उदा., कमाल स्पंदनांच्या ९० ते ९५ टक्के वेगाने चार मिनिटांचे चार टप्पे व मधे हलक्या हालचालीची विश्रांती. नवशिक्यांचा सराव बहुधा याच्या उलट झुकलेला आढळतो. सौम्य सराव ते नकळत जोरात करतात आणि जोराच्या दिवशी त्यांच्या अंगात जोर उरत नाही. दुखापतींच्या दृष्टीनेही ही चूक महत्त्वाची आहे, कारण थकलेला स्नायू सांध्यावर येणारा धक्का नीट झेलू शकत नाही.

सौम्य तीव्रतेच्या सरावात श्वास व नाडी यांना फारसा त्रास जाणवत नाही. परंतु कंडरा, हाडे व मणक्यांमधील चकत्या यांच्यावर तीच हालचाल हजारो वेळा होत असते. हृदय व स्नायू काही आठवड्यांत वाढीव भाराशी जुळवून घेतात. कंडरा व हाडे यांना महिने लागतात. या दोन गतींतील तफावत हे उन्हाळी दुखापतींचे मूळ कारण होय. ज्या विपुल श्रमाने स्कीपटू घडतो, त्यानेच तो मोडतो आणि या दोहोंमधील सीमारेषा माणसागणिक व वर्षागणिक बदलते.

रोलर-स्की : बर्फावरील हालचालीशी सर्वाधिक साम्य असलेले उन्हाळी साधन म्हणजे चाकांची स्की. सु. ५३ ते ७० सेंमी. लांबीच्या धातूच्या, लाकडी वा कार्बन-तंतूंच्या दांड्याला पुढेमागे रबरी चाके बसवून ती तयार करतात व तिच्यावर नेहमीचे स्कीचे बूट अडकवितात. असे प्रयोग युरोपात १९३० च्या दशकापासून होत होते. पुढे ते सरावाचे अपरिहार्य अंग बनले व रोलर-स्कीच्या स्वतंत्र स्पर्धाही सुरू झाल्या. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००० साली झाली. नॉर्वेच्या नैर्ऋत्येस लिसेबोत्न येथे समुद्रसपाटीपासून सु. ६४० मी. उंचीपर्यंत २७ वळणांचा घाट चढून जाणारी शर्यत असते. आपल्याकडील घाटरस्ते ज्यांनी पायी चढले आहेत, त्यांना तिच्या खडतरपणाची कल्पना येईल.

पारंपरिक व स्केटिंग या दोन पद्धतींसाठी रोलर-स्की वेगवेगळ्या असतात. पारंपरिक पद्धतीत दोन्ही स्की समांतर खाचांतून पुढेमागे सरकतात. स्केटिंग पद्धतीत त्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे तिरप्या टाकून बाजूला रेटा दिला जातो. ही दुसरी पद्धत अमेरिकेच्या बिल कोक याने १९८० च्या दशकाच्या आरंभी स्पर्धांतून लोकप्रिय केली आणि १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकपासून दोन्ही पद्धतींच्या शर्यती स्वतंत्र झाल्या. स्केटिंगची चाके अरुंद व मोठ्या व्यासाची असतात. पारंपरिक पद्धतीची चाके रुंद असून त्यांपैकी एका चाकाला मागे न फिरू देणारी खिट्टी असते, त्यामुळे पायाने रेटा देताना स्की मागे घसरत नाही.

ही खिट्टी सोयीची असली, तरी तिने एक दोष शिरतो. बर्फावर पारंपरिक पद्धतीची स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. पाय नेमक्या क्षणी, संपूर्ण वजनानिशी खाली दाबला, तरच तिचा मेण लावलेला मधला भाग बर्फाला टेकतो व पकड मिळते. रोलर-स्कीची पकड मात्र केव्हाही व कसाही रेटा दिला, तरी मिळतेच. उन्हाळाभर अशा फुकटच्या पकडीवर विसंबलेल्या स्कीपटूचा रेटा उशिरा पडू लागतो आणि नोव्हेंबरमध्ये पहिल्या बर्फावर त्याचे पाय मागे निसटतात. म्हणून जाणते प्रशिक्षक रोलर-स्कीच्या तासांइतकेच लक्ष रेट्याच्या वेळेकडे पुरवितात, तसेच मुद्दाम जड फिरणारी चाके वापरावयास लावतात. फार वेगाने फिरणाऱ्या चाकांवर अंतर भराभर तुटते. परंतु त्या मानाने स्नायूंना काम मिळत नाही.

रस्त्याचे डांबर बर्फासारखे क्षमाशील नसते. काठीच्या टोकाला बसविलेली कठीण धातूची अणी डांबरावर आपटते तेव्हा तो हादरा काठीतून मनगट, कोपर व खांद्यापर्यंत पोहोचतो. अणी बोथट झाल्यास काठी निसटते व ती सावरताना दंडाच्या मागील स्नायूला झटका बसतो. यासाठी अणीला वारंवार धार लावावी लागते. बहुतेक रोलर-स्कींना गतिरोधक नसतो आणि उतारावर वेग सहज ताशी ४० किमी. च्या पुढे जातो. बर्फावर पडणे हा या खेळाचा नित्याचा भाग असला, तरी डांबरावरील एकच पडणे मोसम संपवू शकते. शिरस्त्राण, हातमोजे, भडक रंगाचा अंगरखा, डोळ्यांचे आवरण व वाहने नसलेला, कोरडा, आधी पाहून ठेवलेला रस्ता यांबाबत तडजोड करू नये. काठ्या न घेता केवळ पायांवर किंवा पाय न हलविता केवळ काठ्यांवर जाण्याचे प्रकारही सरावात येतात. त्यांपैकी दुसऱ्याने कंबरेवर मोठा ताण येतो.

धावणे, काठ्यांसह चढणे व बर्फाचा शोध : रोलर-स्कीच्या खालोखाल महत्त्व धावण्याला आहे. स्कीपटू शक्यतो रानवाटा, दलदलीची माळराने व डोंगरउतार पसंत करतात. काठ्या घेऊन तीव्र चढ चालण्याचा, तसेच लांब उड्या घेत चढण्याचा व्यायाम नॉर्वे-स्वीडनमध्ये फार जुना आहे. उड्या मारीत चढण्याच्या प्रकाराला नॉर्वेजियन भाषेत एल्क हरणाच्या चालीवरून नाव पडले आहे. त्यात हातपायांचा मेळ स्कीइंगसारखाच असतो, हृदयावर पुरेपूर भार येतो व उतरताना सावकाश चालत आल्यास गुडघ्यांना धक्का बसत नाही. साधेपणा, परिणाम व सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी पाहता उन्हाळी सरावाचा यापेक्षा चांगला प्रकार सापडणे कठीण आहे. सायकल, वल्हविणे व पोहणे यांचा उपयोग पूरक म्हणून होतो. आठवड्यातून दोनतीनदा वजने उचलण्याचा व्यायाम केला जातो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००१ पासून व ऑलिंपिकमध्ये २००२ पासून लघुपल्ल्याच्या शर्यती आल्यावर शरीराच्या वरच्या भागातील ताकदीचे महत्त्व फार वाढले. ९० किमी. ची स्वीडनमधील ‘वासालोपेत’ ही १९२२ मध्ये सुरू झालेली शर्यत आघाडीचे स्पर्धक आता पायांचा रेटा न देता, दोन्ही काठ्या एकदम रोवून पूर्ण करतात.

उन्हाळ्यात खरे बर्फ शोधण्याचे प्रयत्नही होतात. नॉर्वेमधील सोग्नफ्येल, अलास्कातील ईगल हिमनदी अशा ठिकाणी शिबिरे भरविली जातात. काही संघ ऑगस्टमध्ये न्यूझीलंडला जातात. फिनलंडमध्ये वुओकाती येथे १९९७ साली बर्फाचा पहिला कृत्रिम बोगदा झाला. नंतर स्वीडनमध्ये टॉर्सबी (२००६), जर्मनीत ओबरहोफ (२००९) व ऑस्लोजवळ लोरेन्स्कोग (२०२०) येथे अशा सोयी झाल्या. काही केंद्रांत हिवाळ्यातील बर्फ भुशाच्या जाड थराखाली साठवून शरद ऋतूत पुन्हा पसरतात. हिमनद्या वेगाने आक्रसत असल्याने या खटाटोपाला आता निकड आली आहे. इटलीतील सु. १,८०० मी. उंचीवरचे लिविन्यो हे आणखी वेगळ्या कारणासाठी प्रसिद्ध आहे. विरळ हवेत सु. तीन आठवडे राहिल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढाव्यात, हा तेथील शिबिरांचा हेतू असतो.

भारतात गुलमर्ग व औली येथे हा खेळ खेळला जातो. गुलमर्ग येथील लष्करी प्रशिक्षण संस्थेमुळे तो सैन्यात विशेष रुजला आहे. ताशी लुंडुप (२०१०), नदीम इक्बाल (२०१४) व जगदीश सिंग (२०१८) यांनी हिवाळी ऑलिंपिकमधील १५ किमी. शर्यतीत भारताचे प्रतिनिधित्व केले. आपल्याकडे बर्फाचा काळ मोजक्या महिन्यांचा असल्याने उन्हाळी सरावाचे महत्त्व भारतीय स्कीपटूला तर अधिकच आहे.

दुखापतींचे स्वरूप : दुखापतींचे आकस्मिक व अतिवापरजन्य असे दोन वर्ग पडतात. रोलर-स्कीवरून पडल्याने मनगट, कोपर वा जत्रू यांचा अस्थिभंग होतो. काठीचा पट्टा हाताला घट्ट बांधलेला असल्याने पडताना काठी सुटत नाही व अंगठा बाहेरच्या बाजूस ताणला जाऊन त्याच्या मुळाचा संधिबंध तुटतो. हा ‘स्कीपटूचा अंगठा’ प्रथमदर्शनी साध्या मुरगळीसारखा वाटतो. तथापि संधिबंध पूर्ण तुटला असल्यास शस्त्रक्रियेवाचून चिमटीची ताकद परत येत नाही. अंगठ्याने किल्ली फिरविता येत नसेल, तर दुखणे किरकोळ मानू नये. धावताना घोटा मुरगळणे ही दुसरी सर्रास आढळणारी इजा होय.

अतिवापरजन्य दुखापती मात्र एका दिवसात होत नाहीत आणि त्यामुळे त्यांची दखल उशिरा घेतली जाते. त्यांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. दोन्ही काठ्या एकदम रोवताना धड पुढे वाकते, पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात व लगेच कंबर पुन्हा सरळ होते. ही क्रिया एका तासात दोनतीन हजार वेळा होऊ शकते. नितंब व पोटाचे खोल स्नायू थकले की वाकण्याचे काम खुब्याऐवजी कंबरेचे मणके करू लागतात व त्यांमधील चकत्यांवर भार वाढतो. प्रतिबंधासाठी खुब्यातून वाकण्याची सवय, पोटापाठीचा व्यायाम आणि मुख्य म्हणजे काठ्यांच्या सरावाचे तास हळूहळू वाढविणे, हे उपाय आहेत.

नडगीच्या बाहेरच्या अंगास होणारी वेदना ही स्केटिंग करणाऱ्यांची खास तक्रार होय. गुडघ्याखालचे स्नायू प्रावरणी या चिवट, न ताणणाऱ्या पडद्याच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. पाऊल वर उचलून धरणारा पुढच्या कप्प्यातील स्नायू श्रमाने फुगला, की कप्प्यातील दाब वाढतो व रक्तपुरवठा अडखळतो. बर्फावरील हलक्या स्कीपेक्षा रोलर-स्की बरीच जड असते व अरुंद चाकांवर तोल राखण्यासाठी हा स्नायू सतत ताणलेला राहतो. सरावाला आरंभ केल्यावर दहावीस मिनिटांत नडगी दगडासारखी कठीण होणे, पाऊल बधिर होणे आणि थांबल्यावर काही वेळात सारे निवळणे, ही लक्षणे ठराविक आहेत. स्केटिंग पद्धत रूढ झाल्यानंतर १९८० च्या दशकात वैद्यकीय साहित्यात याची विशेष नोंद होऊ लागली. हलकी साधने, बुटाचा बदल व पाऊल सैल सोडण्याचे तंत्र यांनी पुष्कळांना आराम पडतो. न पडल्यास प्रावरणीला छेद देण्याची शस्त्रक्रिया करतात. थांबूनही वेदना न शमल्यास किंवा मार लागल्यानंतर ती वाढत गेल्यास मात्र ती आणीबाणी समजून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

अ‍ॅकिलीझ कंडरा म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी. चढावर धावणे व उड्या यांनी ती दुखावते. सकाळी उठल्यावरची पहिली पावले जड जातात. यावर दीर्घ विश्रांती हा पूर्वीचा उपाय निष्फळ ठरत असे. स्वीडनमधील अस्थिशल्यतज्ञ होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये उलट मार्ग सुचविला : पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच सावकाश खाली सोडावयाची, गुडघा सरळ व वाकवून अशा दोन्ही प्रकारे पंधराची तीन-तीन आवर्तने, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला १८० वेळा होणारा हा व्यायाम दुखत असतानाही करावयाचा असतो. भार हाच कंडरेवरील उपचार होऊ शकतो, ही कल्पना यामुळे दृढ झाली आणि दुखावलेल्या अवयवाकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

हाडांच्या बाबतीत मात्र ही दृष्टी चालत नाही. नडगीचे हाड किंवा पावलाची लांब हाडे यांवर एका ठिकाणी बोट ठेवून दाखविता येईल अशी वेदना असेल व ती धावताना वाढत जात असेल, तर ताणजन्य अस्थिभंगाची शंका घ्यावी आणि आदळणारे व्यायाम तत्काळ थांबवावेत. हाड भरून येण्यास बहुधा सहा ते आठ आठवडे व जोखमीच्या जागी त्याहून अधिक काळ लागतो. श्रमांच्या मानाने आहार अपुरा असल्यास हाडे लवकर दगा देतात. हलके शरीर चढावर फायद्याचे असते, या समजुतीने अन्न कमी करणाऱ्या तरुण स्त्री-स्कीपटूंमध्ये मासिक पाळी बंद होणे ही त्याची पहिली सूचना असते. ती सरावाचा स्वाभाविक परिणाम म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या विकाराची व्याप्ती स्पष्ट केली व पुरुषांतही तो आढळतो हे निदर्शनास आणले.

दुखापतीतील सराव : ताज्या दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब व उंचावणे हे चतुःसूत्र अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. त्यांनीच २०१४ मध्ये, बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे म्हणून आपले मत बदलले. वेदना कमी करण्यापुरता थोडा वेळ बर्फ लावण्यास हरकत नाही. परंतु आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढण्याची शिफारस आता कोणी करीत नाही. दमसास कमावण्यास वर्षे लागतात व गमावण्यास फार थोडा अवधी पुरतो. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराव पूर्ण थांबविलेल्या खेळाडूंची कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमता पहिल्या सु. तीन आठवड्यांतच सु. ७ टक्क्यांनी व पुढे सु. १६ टक्क्यांनी घटली.

म्हणून दुखरा भाग सोडून उरलेले शरीर कामात ठेवणे हे आजचे तत्त्व आहे आणि स्कीपटूला ते इतर खेळाडूंपेक्षा सोपे जाते, कारण त्याच्या खेळात हात व पाय हे दोन्ही इंजिनासारखे चालतात. पायाला इजा झाली असल्यास बसून काठ्यांचे यंत्र ओढता येते. हाताला झाली असल्यास धावणे, सायकल व काठ्यांविना रोलर-स्की मोकळी राहते. कंबर किंवा हाड दुखावले असल्यास कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात धावता येते. तीव्रतेच्या टप्प्यांची आखणी त्यातही कायम ठेवता येते. या महिन्यांत हातांची ताकद किंवा तोल यांसारखा एखादा उणा राहिलेला गुण भरून काढणारे स्कीपटू पुष्कळ आहेत. मात्र मनाची अवस्था याहून बिकट असते. आठवड्याचे अठरा तास ज्याचे ठरलेले असतात, त्याला दुखापतीत वेळ खायला उठतो, संघातील सोबत तुटते आणि आपण मागे पडत आहोत ही टोचणी लागते. घाईने परतण्यामागे बहुधा हीच टोचणी असते. सराव-शिबिरात दुखापतग्रस्ताला सामील करून घेणे व त्याचे स्वतंत्र वेळापत्रक लेखी ठेवणे, हे साधे उपाय औषधांइतकेच उपयोगी पडतात.

परतीच्या वाटेवर वेदनेचे मोजमाप करण्याची एक पद्धत स्वीडनमध्ये विकसित झाली आहे. शून्य ते दहा या मापात व्यायामातील दुखणे पाचांच्या वर जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवळावे आणि आठवड्यागणिक ते वाढू नये, या मर्यादेत भार वाढविता येतो. ही सवलत कंडरेपुरती आहे; हाडाच्या दुखण्यास ती लावू नये. प्रथम तास, नंतर चढ व सर्वांत शेवटी वेग वाढवावा.

बारा ऑलिंपिक पदके, त्यांपैकी आठ सुवर्ण, मिळविणारा नॉर्वेचा ब्यॉर्न डेली याचे उदाहरण या खेळात सर्वश्रुत आहे. नागानो येथे १९९८ मध्ये तीन सुवर्णपदके जिंकल्यानंतर ऑगस्ट १९९९ मध्ये रोलर-स्कीवरील अपघातात त्याच्या पाठीला गंभीर इजा झाली. परतण्याचे प्रयत्न निष्फळ ठरून २००१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. याउलट स्लोव्हेनियाची पेत्रा मायदिच ही २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये शर्यतीपूर्वीच्या सरावात घळीत कोसळली, तिच्या अनेक बरगड्या मोडल्या, तरी त्याच दिवशी तिने कांस्यपदक मिळविले. या घटनेचे कौतुक फार झाले. परंतु तिच्या फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरली होती आणि वैद्यकीय दृष्टीने तो अनुकरणीय प्रसंग नव्हे.

औषधे व नियम : उपचार घेताना स्कीपटूला उत्तेजक-प्रतिबंधक नियमांचे भान ठेवावे लागते. सूज कमी करण्यासाठी दिली जाणारी कॉर्टिकोस्टेरॉइडांची सर्व इंजेक्शने १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. ऑक्टोबरमध्ये टोचलेल्या औषधाचा अंश नोव्हेंबरच्या शर्यतीत सापडू शकतो. अत्यावश्यक असल्यास वैद्यकीय सूट आधी मागावी लागते. किरकोळ उन्हाळी इजा किती महाग पडू शकते, हे नॉर्वेच्या तेरेसे योहाउग हिच्या प्रकरणात दिसले. लिविन्यो येथील २०१६ च्या सराव-शिबिरात उन्हाने तिचे ओठ भाजले. संघाच्या वैद्याने दिलेल्या मलमात क्लोस्टेबोल हे निषिद्ध द्रव्य होते व सप्टेंबरमधील चाचणीत ते आढळले. मलमाच्या वेष्टनावर तशी सूचना छापलेली होती. नॉर्वेच्या क्रीडा-महासंघाने तिच्यावर १३ महिन्यांची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय क्रीडा-लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये ती १८ महिन्यांची केली. लवादाने फसवणुकीचा हेतू मानला नाही, तथापि वेष्टन न तपासण्याची जबाबदारी खेळाडूवरच ठेवली. परिणामी ती २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला मुकली. बंदी संपल्यावर २०१९ मध्ये झेफेल्ड येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने तीन सुवर्णपदके मिळविली आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आणखी तीन.